स्टोरेजमध्ये ठेवताना चालू होतं, काढल्यावर बंद: गोव्यात दर वर्षी येणारा हा प्रॉब्लेम कसा सोडवायचा

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की दुरुस्तीच्या दुकानात एकाच प्रकारचं गिऱ्हाईक वाढतं. कोणी बोटीवर होता, कोणी गल्फमधून परत आलाय, कोणाचं जुनं घर उतरवून नवीन बांधायला काढलं होतं म्हणून सगळं सामान पर्वरीला नाहीतर वेर्ण्याला स्टोरेजचं युनिट, म्हणजे सामान ठेवायची खोली, भाड्यानं घेऊन ठेवलं होतं, आणि आता घरी आणून प्लग लावला तर टीव्ही मेलेला, नाहीतर वॉशिंग मशीन लावलं की अख्ख्या घराची लाईट जाते. वाक्य ठरलेलं, "ठेवताना तर एकदम ओके होतं हो!"

असेलच ओके, त्यात वाद नाही. मग शिव्या कोणाला, तर उंदरांना, टेंपोवाल्याला, नाहीतर स्टोरेजच्या मालकाला. कधीकधी खरंच त्यांचा दोष असतो. पण बहुतेक वेळा वस्तू बिघडायची सुरुवात पॅकिंगच्या दिवशीच झालेली असते, ओलावा आपणच आत कोंडलेला असतो, आणि उरलेलं काम बाहेर काढल्यावर घाईत लावलेला प्लग करतो. मधले जे महिने ती वस्तू युनिटमध्ये पडून असते ना, त्यात त्या मानानं कमी होतं.

आधी हवा समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं उगाच वाटेल

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्या दिवसांत आर्द्रता ८५-९० टक्के ही रोजची गोष्ट. ३० डिग्री आणि ८५ टक्के अशी हवा असेल तर साधारण २७ डिग्रीला तिचं पाणी व्हायला लागतं. म्हणजे नुसती तीन डिग्री गार असलेली वस्तू समोर आली तरी तिच्यावर दव धरतं, आणि टीव्हीचं आतलं सर्किट बोर्ड पण वस्तूच आहे, त्यावर पण धरतं, फक्त ते आपल्याला दिसत नाही.

त्यात आपल्याकडे मीठ. कांदोळी, कळंगुट, वास्को, कोलवा, किनाऱ्याजवळ जो राहतो त्याला ग्रील गंजणं काय असतं ते सांगायला नको, पण तेच मीठ बारीक धुळीसारखं टीव्हीच्या मागच्या जाळीतून आत बसलेलं असतं हे कोणी लक्षात घेत नाही. साधं मीठ ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की हवेतलं पाणी ओढून विरघळतं, आणि समुद्राच्या मिठात जो मॅग्नेशियम क्लोराइड असतो तो तर ३३ टक्क्यांवरच ओला होतो. त्यामुळे आतली हवा कोरडी वाटली तरी बोर्डवर मिठाच्या पाण्याचा पातळ थर असू शकतो. बंद असताना तो हळूहळू तांबं खातो, आणि करंट दिला की त्यातूनच करंट वाहतो. फोंडा, डिचोली, वाळपईकडे मीठ कमी पण तिथे डोंगराचा पाऊस आणि बुरशी, म्हणजे सुटका कोणाचीच नाही.

आणखी एक गोष्ट, ही ऐकून लोक माझ्याकडे बघतच राहतात. पाणी हवेत जास्त नसतं, पुठ्ठ्यात असतं. १०० लिटरच्या खोक्यातल्या पावसाळी हवेत जेमतेम अडीच ग्राम पाणी, पण तोच खोका दोन किलो पुठ्ठ्याचा असेल तर जुलैमध्ये त्या पुठ्ठ्यातच दोनशे ग्रामच्या वर पाणी असतं, वर आपण जुनी चादर गुंडाळतो, वर्तमानपत्र कोंबतो, ते वेगळंच. आणि मग त्यात बुटांच्या डब्यातून काढलेल्या सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकतो आणि बाहेरून प्लास्टिक रॅप मारतो. सिलिका आपल्या वजनाच्या पाव ते एक तृतीयांश पाणी धरतं, आता करा हिशेब. रॅप मारल्यामुळे बाहेरचं पाणी आत येत नाही हे खरं पण आतलं बाहेर पण जात नाही, दिवसा पत्रा तापला की पुठ्ठ्यातलं पाणी वाफ होऊन सुटतं आणि पहाटे गारवा आला की ते सगळ्यात थंड जागी जाऊन बसतं, म्हणजे धातूवर, म्हणजे तुमच्या बोर्डवर. रोज. पावसाळाभर.

वस्तू आधीच बाहेर काढली आहे का? मग प्लग लावू नका

युनिट एसीवालं असेल तर हे दुप्पट लागू. २४ डिग्रीच्या खोलीतून टीव्ही काढला आणि ऑगस्टच्या हवेत टेंपोत टाकला की थंड काचेवर पाणी धरतं तसं त्याच्या आत पण पाणी धरतं. लोक म्हणतात आम्ही तर जास्त पैसे देऊन एसी युनिट घेतलं होतं तरी मेला! अहो, एसी युनिटमुळे तो आत वाचला, मेला तो घरी आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत.

करायचं काय, तर खोका घरी आणून तसाच बंद ठेवायचा. दव धरायचं तर खोक्याच्या बाहेरच्या बाजूला धरू दे. मोठा टीव्ही किंवा मायक्रोवेव्ह असेल तर रात्रभर, लहान वस्तूला चार-सहा तास. मग उघडायचं, पंख्याच्या वाऱ्यावर एक-दोन दिवस ठेवायचं, आणि मगच प्लग. हेअर ड्रायरची गरम हवा टीव्हीच्या पॅनलवर मारू नका, कडक उन्हात पण नको. तांदळाच्या डब्यात घालायचा उपाय विसरा, तांदूळ काही विशेष ओढत नाही, पण त्याची पूड पोर्टमध्ये जाते आणि मागाहून मुंग्या येतात त्या वेगळ्या.

प्लग लावायच्या आधी नाक आणि टॉर्च वापरा. कुजका वास, हिरवट-पांढरी पावडर, उंदराच्या लेंड्या, कुरतडलेली वायर, पालीची अंडी, यातलं काही दिसलं तर थांबा आणि उघडून साफ करून घ्या. पालीला हसू नका, एसीच्या बाहेरच्या युनिटच्या बोर्डवर दोन टोकांना चिकटून मेलेली पाल आणि जळलेलं बोर्ड ही आमच्या धंद्यातली जुनी जोडी आहे.

आता लक्षणं बघू.

वॉशिंग मशीन किंवा गीझर लावल्याबरोबर ईएलसीबी (करंट लीक झाला की लाईट तोडणारा स्विच) पडतो. सगळ्यात जास्त येणारी केस ही. हीटरच्या कॉइलमध्ये तार आणि बाहेरची नळी यांच्या मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पावडर भरलेली असते, ती पडून पडून ओलावा ओढते आणि मग करंट बॉडीकडे लीक होतो. ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी असेल तर तो पडणारच, त्याचं काम तो बरोबर करतोय. इथे काही हुशार इलेक्ट्रिशियन ईएलसीबी बायपास करून देतात किंवा अर्थिंगची वायर काढून टाकतात, "आता चालतं बघा पात्रांव". चालतं, आणि ओल्या हातानं मशीनला हात लावणाऱ्याला झटका पण बसतो. असं कोणाला करू देऊ नका. मेगर (इन्सुलेशन मोजायचा मीटर) असलेल्या माणसाला बोलवा, ५०० व्होल्टवर इन्सुलेशन एक मेगाओमच्या खाली असेल तर कॉइल काढून वाळवायची, वाळवून रीडिंग वर आलं तर तीच परत चालते, नाही आलं तर बदलायची. कॉइल काही फार महाग नसते.

टीव्हीची लाल लाईट लागते पण चित्र नाही. खोलीत अंधार करा, टीव्ही चालू करा आणि मोबाईलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका मारा. अंधुक चित्र हलताना दिसलं तर पॅनल जिवंत आहे, बॅकलाइट किंवा त्याचा सप्लाय गेलाय, दुरुस्त होतं. काहीच दिसत नसेल तर मेन बोर्ड नाहीतर त्या चपट्या केबलींचे कनेक्टर, यात बऱ्याच वेळा केबल काढून ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून परत बसवली की काम होतं. उभ्या रेघा असतील तर कधी कनेक्टर, कधी पॅनलच्या कडेची चिकटवलेली पट्टी, आणि ती पट्टी असेल तर खर्च करायचा की नाही ते आधी ठरवा. कोळ्याच्या जाळ्यासारखी चीर दिसली तर तो दमटपणा नव्हे, कोणीतरी टीव्ही आडवा ठेवला होता किंवा त्याला काहीतरी टेकवलं होतं.

फ्रिज चालतो, गार होत नाही. पहिला प्रश्न, टेंपोत आडवा आणला का? आडवा केला की कॉम्प्रेसरमधलं तेल पाइपात शिरतं, म्हणून उभा करून निदान काही तास, शक्यतो पूर्ण दिवस तसाच ठेवून मग चालू करायचा. दर दोन-तीन मिनिटांनी टक् आवाज करून बंद पडत असेल तर रिले किंवा ओव्हरलोड, लहान काम. कॉम्प्रेसर सतत चालतोय, तापतोय आणि आत काहीच गार नाही म्हणजे गॅस गेला, खाऱ्या हवेत पाइपाचा जोड खाल्ला गेलेला असतो. नवीन फ्रिजमध्ये बहुतेक आर ६००ए गॅस येतो, तो पेटणारा आहे, त्यामुळे ज्याला त्याचं काम माहीत आहे त्यालाच हात लावू द्या, आणि लीकचा संशय असेल तर दारं-खिडक्या उघडून ठेवा. आतली बुरशी मात्र घरी निघते, साबणाचं पाणी, मग व्हिनेगर, रबराच्या घडीत जुन्या टूथब्रशनं.

मिक्सर, पंखा नुसता घूं करतो आणि फिरत नाही. लगेच बंद करा नाहीतर वाइंडिंग जळेल. प्लग काढून हातानं फिरवून बघा, जाम असेल तर बुशातलं तेल सुकलंय किंवा शाफ्ट गंजलाय. मोकळा फिरतोय तरी चालत नाही असा पंखा असेल तर कपॅसिटर.

रिमोट चालत नाही, तर सेल आतच राहिले होते आणि गळले. अल्कलाइन सेल असतील तर ती पांढरी पावडर पण अल्कलाइन असते, म्हणून व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाचा थेंब कापसाच्या काडीवर घेऊन पुसायची, मग अल्कोहोलनं, मग वाळवायचं. बोटानं खरवडू नका.

लॅपटॉपचा टचपॅड वर आलाय, मोबाईलची पाठ उघडलीये, म्हणजे बॅटरी फुगली. चार्ज करून बघू, असं म्हणू पण नका. दाबू नका, टोचू नका, सर्व्हिसवाल्याकडे द्या. फुगलेली नसून नुसती डेड असेल तर ओरिजिनल चार्जरवर काही तास समोर बसून ठेवून बघा, बऱ्याच वेळा उठते.

मायक्रोवेव्ह घरी उघडायचा नाही. प्लग काढल्यावर पण आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका चार्ज असू शकतो.

परत होऊ नये म्हणून

वेळ महत्त्वाची. पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचं, सामान भरायचे जे दिवस, एप्रिल-मे, तेच इलेक्ट्रॉनिक्स पॅक करायचे दिवस. घर सोडायची तारीख जुलैत असेल तरी टीव्ही, ॲम्प्लिफायर, कॅमेरा असल्या वस्तू मेमध्येच कोरड्या करून बंद करा, एखाद महिना टीव्ही नसला तर कोणी मरत नाही. अगदीच पावसात पॅक करायची पाळी आली तर एक खोली एसी लावून बंद ठेवा, सगळं सामान आणि रिकामे डबे पण आदल्या दिवसापासून त्या खोलीत ठेवा, आणि तिथल्या तिथे पॅक करून झाकण लावून मगच बाहेर काढा. यासारखा स्वस्त आणि खात्रीचा उपाय मला दुसरा माहीत नाही.

आधी मीठ आणि धूळ काढायची. मागच्या जाळ्या सॉफ्ट ब्रश आणि ब्लोअरनं, बाहेरची बॉडी किंचित ओल्या फडक्यानं आणि मग कोरड्या. किनाऱ्यावर राहत असाल तर टीव्ही आणि ॲम्प्लिफायर एकदा टेक्निशियनकडून उघडून साफ करून घ्यायला हरकत नाही.

पुठ्ठ्याचा मोह सोडा. लहान-मध्यम वस्तूंना रबराची कड असलेले प्लास्टिकचे टब, ज्यांचं झाकण चारी बाजूंनी क्लिप होतं. त्यात रंग बदलणारं सिलिका, नारिंगीचं हिरवं होणारं, ५० लिटरच्या टबला एक-दोनशे ग्राम मोकळ्या हातानं. ते हिरवं झालं की ओव्हनमध्ये १२० डिग्रीच्या आत तासभर-दोन तास तापवून परत वापरता येतं. कपाटात ठेवतात ते पाणी गोळा होणारे डबे मात्र इलेक्ट्रॉनिक्सच्या टबमध्ये कधीच नको, त्यात कॅल्शियम क्लोराइड असतं, डबा कलंडला की ते खारं पाणी थेट वस्तूवर. खोलीच्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवा हवं तर. डांबर गोळ्या पण लांब, त्यांच्या वाफेनं काही प्लास्टिक मऊ पडून चिकट होतं.

टीव्हीच्या ओरिजिनल खोक्यातला थर्माकोल पाणी धरत नाही, तो नक्की वापरा, खोका वापरणार असाल तर उन्हात कडक वाळवून घ्या. टीव्ही कायम उभा, पॅनलवर कसलाच भार नाही. फ्रिज आणि वॉशिंग मशीनला रॅप मारू नका, जुनी स्वच्छ सुती चादर टाका. फ्रिज दोन दिवस आधी बंद करून, पुसून, वाळवून, दार बोटभर उघडं राहील असा टॉवेल अडकवून ठेवायचा. वॉशिंग मशीनचं खालचं फिल्टर उघडून पाणी काढा, पाइप काढून उलटे टांगा, दार उघडं, आणि फ्रंट लोड असेल तर ट्रान्झिट बोल्ट (नेताना आतला ड्रम हलू नये म्हणून असतात ते) लावा, ते बोल्ट घरात कुठेतरी असतात, देवाच्या खणात शोधा. स्प्लिट एसी उतरवताना गॅस बाहेरच्या युनिटमध्ये पंप डाऊन करून घ्या आणि पाइपांची तोंडं बंद करून घ्या, नुसती टेप नको, आत किडे घर करतात.

सेल सगळ्यातून काढा, रिमोट, वजनकाटा, भिंतीवरचं घड्याळ, पोरांची खेळणी. लॅपटॉप आणि फोन निम्मा चार्ज करून ठेवा, फुल पण नको आणि शून्य पण नको, आणि सहा महिन्यांनी परत निम्म्यापर्यंत आणा. खरं तर या वस्तू युनिटमध्ये ठेवूच नका, कोणा नातेवाइकाच्या कपाटात जास्त सुखी राहतात. फोटो आणि कागदपत्रं एकाच एसएसडी किंवा पेन ड्राइव्हवर टाकून ती वर्षानुवर्षं गरम युनिटमध्ये ठेवायची तर अजिबात नाहीत, करंट नसताना त्यांच्यातला डेटा कायम टिकेल असं धरून चालू नका, दुसरी कॉपी पाहिजेच.

युनिट बघायला जाल तेव्हा

पावसात जा. उन्हाळ्यात सगळी युनिटं छान दिसतात. तिनेकशे-चारशे रुपयांचा डिजिटल आर्द्रता मीटर खिशात ठेवा, आत पंधरा मिनिटं ठेवून बघा, ६० च्या खाली दाखवला तर उत्तम, ७० च्या वर असेल तर बुरशी येणार हे धरूनच चाला. एसी आहे म्हणाले तर विचारा, रात्री चालू असतो का? दिवसा चालू आणि रात्री बंद असा एसी नसलेलाच बरा, रोज थंड-दमट थंड-दमट चक्र चालतं. लाईट गेली तर जनरेटर आहे का ते पण विचारा, पावसात आपल्याकडे लाईट किती टिकते ते तुम्हाला माहीत आहे. डिह्युमिडिफायर असेल तर त्याचं पाणी पाइपानं बाहेर जातं की बादलीत जमतं? बादली असेल तर ती भरली की मशीन बंद, आणि रविवारी बादली कोण ओतणार.

तळमजला स्वस्त असतो, पण जुलै २०२१ मध्ये डिचोली-सत्तरीत घरांत पाणी शिरलं होतं ते आठवा, आणि नदीजवळ, खाजनाजवळ (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीजवळ), सखल जागेत तळमजला नको. वरचा मजला घेतलात तर थेट पत्र्याखालचा नको. सामान जमिनीपासून लाकडी पॅलेटवर आणि भिंतीपासून वीतभर लांब, विशेषतः चिऱ्याची भिंत असेल तर, कारण पावसात चिरा पाणी पितो. ॲग्रीमेंट वाचा, दमटपणा, बुरशी आणि उंदीर यांची जबाबदारी बहुतेक ठिकाणी भाडेकरूवरच टाकलेली असते, आणि गॅस सिलिंडर, पेट्रोल, काही ठिकाणी सुट्या लिथियम बॅटऱ्या ठेवायला मनाई असते.

मधून मधून कोणालातरी पाठवा, पावसाच्या सुरुवातीला एकदा आणि चवथीच्या आसपास एकदा तरी. सिलिकाचा रंग बघायचा, मीटर बघायचा, लेंड्या दिसतात का बघायचं, बस. टब उघडायची गरज नाही, पारदर्शक घेतला असेल तर बाहेरूनच दिसतं.

राहिली इन्व्हर्टरची बॅटरी, दर वेळी कोणीतरी विचारतंच. ती युनिटमध्ये ठेवू नका. लेड-ॲसिड बॅटरी नुसती पडून महिन्याला थोडीथोडी उतरत जाते, उष्णतेत जास्त, आणि उतरलेल्या अवस्थेत राहिली की प्लेटांवर सल्फेट धरून ती कायमची जाते, शिवाय ॲसिड गळलं तर शेजारच्या फ्रिजचे पाय खाऊन टाकतं. शेजाऱ्याला वापरायला द्या, नाहीतर आत्ताच विकून टाका, चालू बॅटरीला भाव बरा मिळतो.